शब्दांच्या मुळाशी : इतिहासाचार्य वि. का. राजवाडे

बेळगावहून चोर्ला घाटाच्या वाटेने गोव्याकडे निघालेला प्रवासी खानापूर तालुक्यातील जांबोटी गाव ओलांडतो, पाटीवरचे नाव वाचतो आणि पुढे जातो. जांबोटी, कणकुंबी, हलशी, बेळगाव, निपाणी ही नावे या भागातील माणसाच्या तोंडात इतकी रुळलेली असतात की त्यांना काही अर्थ असावा, त्यांच्या मागे काही इतिहास असावा, असा विचारही सहसा मनात येत नाही. नाव म्हणजे ओळखीची खूण, एवढ्यावर बहुतेकांचे समाधान असते. अशा वेळी ज्याचे या उत्तरावर कधीही समाधान झाले नाही, अशा एका पुरुषाची आठवण होते. गावाचे नाव, माणसाचे नाव, आडनाव, क्रियापद, शिवी, लाडाची हाक, यांतले काहीही त्याला क्षुद्र वाटले नाही. प्रत्येक शब्द कोठून आला, कोणकोणत्या तोंडांतून घासत घासत आजच्या रूपास पोहोचला, हे विचारण्यात त्याने आयुष्य वेचले. तो पुरुष म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे.

राजवाडे हे नाव उच्चारताच सामान्य वाचकापुढे मराठ्यांच्या इतिहासाची साधने उभी राहतात, आणि ते योग्यच आहे. तथापि कागद जमविणारे राजवाडे आणि शब्द जमविणारे राजवाडे हे दोन वेगळे पुरुष नव्हते. जुना कागद वाचता वाचता त्यांना शब्द भेटले, आणि शब्द उकलता उकलता कागदापूर्वीचा इतिहास दिसू लागला. त्यांच्या कार्याची ही दुसरी बाजू त्या मानाने कमी परिचित आहे. सीमाभागातील वाचकाला ती अधिक जवळची वाटावी, कारण दोन भाषांच्या सांध्यावर राहणाऱ्याला शब्दांची ये-जा रोजच पाहावयास मिळते.

पूर्वायुष्य

विश्वनाथरावांचा जन्म १८६३ साली झाला. घराणे कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, वरसईचे. वडिलांचे छत्र बालपणीच हरपले आणि त्यांचे संगोपन आप्तांच्या आश्रयाने झाले. शिक्षण मुख्यतः पुण्यात. पैशाच्या ओढाताणीमुळे महाविद्यालयीन शिक्षणात खंड पडत गेले. डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले तेव्हा १८९० साल उजाडले होते. ठरलेली पुस्तके पाठ करून परीक्षेत वरचा क्रमांक मिळवावा, ही वृत्ती त्यांच्यात मुळीच नव्हती. जे आवडेल ते वाचावे, मुळापर्यंत वाचावे आणि परीक्षेची चिंता परीक्षेच्या दिवशी करावी, असा त्यांचा खाक्या. इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, वनस्पतिशास्त्र अशा नाना विषयांत त्यांनी या काळात मनसोक्त संचार केला. त्या संचाराचा उपयोग पुढे शब्दांच्या अभ्यासात झाला. झाडांची नावे उकलणाऱ्याला झाडे ठाऊक असावी लागतात.

काही काळ त्यांनी शिक्षकाचे काम केले, पण नोकरीत त्यांचे मन रमले नाही. लग्न लवकर झाले होते. पत्नी अकाली निवर्तली. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. संसाराचा पाश सुटला आणि एकट्याच्या गरजा थोड्या, म्हणून पुढील तीस-पस्तीस वर्षे ते कोणाचे चाकर न होता राहू शकले. स्वतः रांधावे, साधे वस्त्र ल्यावे, मिळेल तेथे मुक्काम करावा, असे त्यांचे जीवन होते. स्वभाव करारी, बोलणे तिखट. मतभेद झाल्यास माघार घेण्याचे नाव नाही. या स्वभावाने त्यांचे काही सोबती दुरावले, पण याच स्वभावाने त्यांना अखेरपर्यंत कामाला जुंपून ठेवले.

१८९५ च्या सुमारास त्यांनी भाषांतर नावाचे मासिक चालविले. जगातील थोर ग्रंथ मराठीत आणावेत, हा त्यामागील हेतू. प्लेटोच्या रिपब्लिक या ग्रंथाचे भाषांतर त्यांनी स्वतः केले. मासिक सुमारे तीन वर्षे चालले आणि १८९७ च्या प्लेगाच्या धामधुमीत बंद पडले. परकीय ज्ञान मराठीत यावे यासाठी झटणाऱ्या राजवाड्यांनी स्वतःचे संशोधन मात्र इंग्रजीत लिहावयाचे नाही, असा निश्चय केला आणि तो मोडला नाही. त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. युरोपातील भाषापंडितांना त्यांचे काम फारसे कळले नाही, आणि मराठीचा दर्जा वाढविण्यासाठी केलेला हा त्याग मराठीच्या सीमेबाहेर बराच काळ अज्ञात राहिला.

कागदांसाठी वणवण

१८९८ साली वाई येथून मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड बाहेर पडला. पानिपतच्या मोहिमेच्या आसपासची अस्सल पत्रे त्यात होती. पत्रांच्या आधी जोडलेली दीर्घ प्रस्तावना ही मराठी इतिहासलेखनातील एक क्रांतीच ठरली. बखरींतील आख्यायिका आणि इंग्रज ग्रंथकारांचे निष्कर्ष या दोन्हींवर विसंबून न राहता अस्सल कागदाच्या आधारे इतिहास लिहावा, ही शिस्त त्यांनी घालून दिली. पुढे या मालेचे एकूण २२ खंड झाले. त्यांतील काही खंड आणि राजवाड्यांचे पुष्कळसे लेखन प्रकाशात आणण्यास कोल्हापूरचे प्रोफेसर विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या ग्रंथमाला मासिकाचा मोठा हातभार लागला.

हे कागद काही एका ठिकाणी मांडून ठेवलेले नव्हते. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, इनामदार, जोशी, मठपती यांच्या घरांतील माळ्यांवर, कोनाड्यांत, जुन्या पेट्यांत ते पडले होते. कोठे वाळवीने खाल्लेले, कोठे पावसाने एकमेकांस चिकटलेले, कोठे रद्दीच्या भावाने वाण्याकडे गेलेले. राजवाडे गावोगाव पायी हिंडले. घरमालकांच्या शंका आणि धास्ती त्यांना सोसाव्या लागल्या. दप्तर दाखविले तर वतनावर गदा येईल, अशी भीती अनेकांच्या मनात असे. दारातून परत फिरविले तरी ते पुन्हा जात. मिळालेले रुमाल सोडून, मोडी वाचून, नक्कल करून ते जतन करण्याचे काम त्यांनी एकट्याच्या बळावर आरंभिले. या कामाला संस्थेचे रूप यावे म्हणून ७ जुलै १९१० रोजी पुण्यात खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साह्याने त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. मंडळ वाढले, नावारूपाला आले. राजवाडे मात्र मतभेदांमुळे त्यापासून दूर झाले आणि त्यांनी धुळ्यास आपले ठाणे केले.

शब्द हाच दस्तऐवज

जुनी पत्रे वाचताना त्यांच्या ध्यानात आले की कागदावरील मजकुराइतकीच कागदाची भाषाही बोलते. निरनिराळ्या काळांतील पत्रांतले फारसी आणि मराठी शब्द त्यांनी मोजून पाहिले. शिवकालापूर्वीच्या पत्रात फारसी शब्दांची गर्दी असावी, शिवकालात ती बरीच ओसरावी आणि शाहू महाराजांच्या काळात मराठी शब्दांचे प्राबल्य व्हावे, असा क्रम त्यांना दिसला. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यामागील दृष्टीचा परिणाम प्रत्यक्ष पत्रव्यवहारात शोधण्याची ही रीत नवी होती. राज्य बदलले की भाषा बदलते, हे सर्वांना ठाऊक असते. किती बदलते हे मोजून दाखविणारे राजवाडेच.

१९०९ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची एक प्रत संपादून प्रसिद्ध केली. बीड जिल्ह्यातील पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून ती तयार केली होती आणि एकनाथांनी केलेल्या शुद्धीकरणापूर्वीचा पाठ तिच्यात आहे, असे त्यांचे मत होते. त्याच वर्षी ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण हा त्यांचा ग्रंथ निघाला. यादवकालीन मराठीची विभक्ती आणि क्रियापदांची रूपे पाणिनीच्या शिस्तीने तपासण्याचा हा प्रयत्न होता. या प्रतीच्या प्राचीनतेविषयी पुढे वाद झाले, आणि मूळ पोथी अभ्यासकांना तपासावयास मिळाली नाही, त्यामुळे त्या वादाचा निकाल लागणे कठीण झाले. आयुष्यभर इतरांच्या माळ्यांवरचे कागद वाचविणाऱ्या पुरुषाच्या बाबतीत असे घडावे, ही खेदाची गोष्ट होय. अस्सल साधन हाती नसेल तर मोठ्या विद्वानाचा शब्दही पुरेसा ठरत नाही, हा त्यांचाच सिद्धांत त्यांच्यावर उलटला.

यानंतर संस्कृत भाषेचा उलगडा, सुबंत विचार, तिङन्त विचार असे एकामागून एक प्रबंध झाले. मराठीचे मूळ शोधताना ते प्राकृतापाशी आले, प्राकृतावरून संस्कृतापाशी आणि तेथून वेदपूर्व भाषांच्या कल्पनेपर्यंत गेले. भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावरील लेखनातही नात्यांच्या आणि विधींच्या नावांचे अर्थ हा त्यांचा एक मुख्य आधार होता. त्यातील निष्कर्ष सनातनी मंडळींना मानवले नाहीत, गदारोळ झाला. राजवाडे मागे हटले नाहीत, पण तो ग्रंथ त्यांच्या हातून पुरा झाला नाही.

ग्रामनामांची उकल

गावांच्या नावांकडे त्यांचे विशेष लक्ष होते. खानदेशातील गावांच्या नावांचा त्यांनी तपशीलवार विचार केला. स्थलनामे आणि व्यक्तिनामे यांच्या व्युत्पत्तीची टिपणे वर्षानुवर्षे केली. कोणते नाव झाडावरून पडले, कोणते पाण्यावरून, कोणते पशुपक्ष्यांवरून, कोणते वसाहत करणाऱ्या लोकांवरून, असे वर्ग पाडले की एखाद्या मुलखात माणूस कसा वसत गेला याचे चित्र उभे राहते, अशी त्यांची धारणा होती. महाराष्ट्राचा वसाहतकाल या लेखनात आणि १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरीच्या प्रस्तावनेत त्यांनी या दृष्टीने उत्तर कोकणाची आणि महाराष्ट्राची वस्ती कशी झाली असावी, याचा विचार मांडला. जेथे ताम्रपट नाही, शिलालेख नाही, बखर नाही, तेथे गावाचे नाव हाच एकमेव जुना लेख असतो.

या रीतीचा पाया म्हणजे ध्वनिबदलाचे नियम. शब्द वाटेल तसे बदलत नाहीत. प्रतिष्ठानचे पैठण झाले, स्थानकाचे ठाणे झाले, करहाटकाचे कऱ्हाड झाले. ग्राम या शब्दाचे गाव झाले आणि पल्ली या शब्दाचे बोरिवली, कांदिवली, दापोली यांतील वली किंवा ओली झाले. दोन स्वरांमधला एकटा टकार मराठीत येताना डकार होतो. म्हणून वटाचा वड, घटाचा घडा, कटूचे कडू. मूळ शब्दात टकार जोडाक्षरात असेल तर मात्र तो टिकून राहतो. म्हणून पट्टाचा पाट आणि हट्टाचा हाट. असे नियम हाती असले की ऐकीव व्युत्पत्तीचा मोह आवरता येतो.

तो मोह केवढा असतो हे निपाणीच्या नावावरून दिसते. नि म्हणजे नसणे आणि पाणी, तेव्हा पाणी नाही ती निपाणी, असा अर्थ कोणालाही सहज सुचतो. पण संस्कृतात निपान नावाचा शब्द आहे आणि त्याचा अर्थ विहिरीजवळ गुरांना पाणी पाजण्याची जागा असा आहे. एका वाटेने गेले तर गाव कोरडे ठरते, दुसऱ्या वाटेने गेले तर पाणवठ्याचे ठरते. दोन्ही अर्थ कानाला सारखेच गोड लागतात. अशा वेळी निकाल कान देत नाही. जुन्या कागदात, सनदेत किंवा शिलालेखात नाव कसे लिहिले आहे, ते निकाल देते. राजवाड्यांची कागदांसाठीची वणवण आणि शब्दांचा छंद येथे एकत्र येतात.

हीच कसोटी जांबोटीस लावून पाहण्यासारखी आहे. नावाचा पहिला भाग ऐकताच जंबू, म्हणजे जांब किंवा जांभूळ, डोळ्यांपुढे येतो, आणि सह्याद्रीच्या या रानात जांभळीचे झाड काही परके नाही. उत्तरार्धासाठी वाटिका हा शब्द चटकन सुचतो. परंतु वाटिकेतील टकार एकटा आहे. नियमाप्रमाणे त्याचा डकार व्हावयास हवा, जसा वाडी या शब्दात झाला. जांबोटीतला टकार तर शाबूत आहे. तेव्हा मूळ शब्दात तो जोडाक्षरात असला पाहिजे, असा तर्क करावा लागतो, आणि पट्टी किंवा कन्नडमधील हट्टी, म्हणजे लहान वस्ती, अशा शब्दांकडे दृष्टी वळते. एका अक्षराने शोधाची दिशा अशी बदलते. हा तर्क पक्का ठरावयाचा तर नावाचे जुने रूप पुढे आले पाहिजे. तोवर तो तर्कच.

वाट कोठे अडली

राजवाड्यांच्या पद्धतीचा मोठेपणा जसा सीमाभागात उमगतो, तशी तिची मर्यादाही येथेच उमगते. मराठी शब्दाचे मूळ प्राकृतात आणि त्यापलीकडे संस्कृतात शोधावे, हा त्यांचा मुख्य कल होता. जेथे सरळ वाट सापडली नाही तेथेही ते पाणिनीच्या धातूंतून वाट काढू पाहत. द्राविडी भाषांच्या बाजूस त्यांनी त्या मानाने कमी पाहिले. त्यामुळे त्यांच्या कित्येक व्युत्पत्त्या बुद्धीला चकित करतात, पण पटत नाहीत. पुढील अभ्यासकांनी त्यांतील अनेक बाजूस ठेवल्या.

खानापूर तालुक्यातील हलशीचे उदाहरण घ्यावे. हलशी ही कदंब राजांची एक राजधानी. तेथे मिळालेल्या कदंबांच्या ताम्रपटांत तिचे नाव पलाशिका असे येते, आणि ते ताम्रपट फ्लीट या इंग्रज पंडिताने १८७० च्या दशकातच प्रसिद्ध केले होते. पलाश या संस्कृत शब्दाचे मराठीत पळस होते. पकार तसाच राहतो. मग पलाशिकेची हलशी कशी झाली? उत्तर कन्नडमध्ये आहे. सुमारे दहाव्या शतकापासून पुढे कन्नडमध्ये शब्दाच्या आरंभीच्या पकाराचा हकार होत गेला. जुना पालु म्हणजे दूध, त्याचे हालु झाले, पुलि म्हणजे वाघ, त्याचे हुलि झाले. त्याच वाटेने पलाशिकेची हलशी झाली. पळसावरून नाव पडले असो, की कन्नडमधील हलसु, पूर्वीचे पलसु, म्हणजे फणसावरून पडून मग त्याला संस्कृत वेष चढला असो, ते नाव कन्नड बोलणाऱ्यांच्या तोंडात शतकानुशतके वावरल्यावाचून आजच्या रूपास आले नसते. केवळ संस्कृत-प्राकृत-मराठी ही शिडी घेऊन बसणाऱ्याला हलशीची पहिलीच पायरी सापडत नाही.

घरातील शब्दांचेही तसेच. अण्णा आणि अक्का या हाका दोन्ही भाषांच्या घरांत एकाच आपुलकीने घातल्या जातात. सुपारी फोडणाऱ्या अडकित्त्याच्या नावात कन्नडमधील अडके, म्हणजे सुपारीच, आहे. ताटातील तुपाला संस्कृतात घृत म्हणतात. तूप हा शब्द कन्नडमधील तुप्पाचा सखा आहे आणि हेमचंद्राने बाराव्या शतकात देशी शब्दांचा जो कोश केला, त्यात तुप्प आढळतो. म्हणजे ही देवघेव कालपरवाची नव्हे.

हा अनुभव एकट्या सीमाभागाचा नाही. ब्रिटनमधील वेल्स हा देश याचे उत्तम उदाहरण आहे. वेल्श हे नाव त्या लोकांनी स्वतःस दिलेले नाही; शेजारच्या जर्मानिक भाषा बोलणाऱ्यांनी त्यांना परके या अर्थाच्या शब्दाने संबोधिले आणि तेच नाव जगात रूढ झाले. ते स्वतःस कम्री म्हणवितात, आणि त्याचा अर्थ एका देशाचे सोबती असा आहे. इंग्लंडातील एव्हन या नदीचे नाव ज्या जुन्या शब्दापासून आले, त्याचा अर्थ नुसता नदी असाच होतो. इंग्रजी बोलणारे लोक तेथे वसले, जुनी भाषा मागे हटली, पण नदीने आपले जुने नाव सोडले नाही. राज्ये जातात, भाषा सरकतात, नावे मागे राहतात. राजवाडे नेमके हेच मराठीत सांगत होते.

म्हणूनच नावाचा अर्थ सांगणाऱ्याने एक सावधगिरी बाळगावी लागते. शब्दाचे मूळ हे जमिनीच्या मालकीचे खत नव्हे. बेळगाव या नावाचे मूळ तेराव्या शतकाच्या सुमाराच्या लेखांतील वेणुग्राम किंवा वेळुग्राम, म्हणजे वेळूचे गाव, या रूपात आहे; १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी रूढ झालेले बेळगावी हे कन्नड रूपही त्याच मुळाचे. एका वेळूच्या बेटातून दोन कोंब फुटले. त्यांतला कोणता खरा आणि कोणता खोटा, हा प्रश्नच उद्भवत नाही. राजवाड्यांना मराठीचा अभिमान जाज्वल्य होता आणि त्या अभिमानाने त्यांच्या हातून अचाट कामे झाली. क्वचित त्याच अभिमानाने त्यांच्या दृष्टीला बंधनही पडले. असे असूनही बहुभाषिक दक्षिणेचे एक मोठे दालन त्यांनीच उघडले, हे विसरता येत नाही. शहाजीराजांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये या कवीचा राधामाधवविलासचंपू हा ग्रंथ त्यांनी १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. बंगळूरच्या त्या मराठी दरबारात किती भाषांतील कवी नांदत होते, हे त्या काव्यावरून कळले, आणि त्या भाषांत कन्नडही होती.

अखेर आणि वारसा

आयुष्याची अखेरची वर्षे राजवाड्यांनी धुळ्यास काढली. शरीर थकले होते, पण शब्दांचे काम थांबले नव्हते. धातूंची आणि नामांची टिपणे वाढत होती. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. मागे संपत्ती नव्हती; होते ते कागदांचे रुमाल आणि टिपणांचे गठ्ठे. ते वाऱ्यावर जाऊ नयेत म्हणून धुळेकर मंडळींनी अवघ्या काही दिवसांत, ९ जानेवारी १९२७ रोजी, राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. भास्कर वामन भट आदी कार्यकर्त्यांनी ते निष्ठेने वाढविले. याच मंडळाने राजवाड्यांच्या टिपणांवरून १९३७ साली मराठी धातुकोश आणि १९४२ साली नामादिशब्दव्युत्पत्तिकोश प्रसिद्ध केला.

धातुकोशाचे संपादन करणारे कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांनी पुढे १९४६ साली आपला मराठी व्युत्पत्तिकोश सिद्ध केला. राजवाड्यांचे श्रम त्यांनी आदराने घेतले, पण कन्नड, तेलुगू, फारसी, अरबी, पोर्तुगीज अशा सर्व वाटांनी आलेल्या शब्दांना त्यांनी मोकळे दार ठेवले. त्यापूर्वी फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ १९२० साली निघाला होता. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो १९४१ साली मराठीत आणला. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे कन्नड विद्वान शं. बा. जोशी यांनी मऱ्हाटी संस्कृती हा ग्रंथ मराठीत लिहून शब्दांच्या आणि स्थलनामांच्या आधारे कन्नड-मराठी संबंधांची चर्चा वेगळ्या अंगाने केली. राजवाडे जेथे अडले तेथून पुढची वाट अशी अनेकांनी चालून दाखविली. पण ती वाट आहे, हे प्रथम त्यांनी सांगितले. त्यांच्या शंभर व्युत्पत्त्यांपैकी काही चुकल्या, म्हणून शब्दाला वंशावळ असते ही त्यांनी लावलेली दृष्टी चुकली असे होत नाही.

एखाद्या ग्रंथालयाच्या शतकपूर्तीच्या प्रसंगी राजवाड्यांचे स्मरण करण्याचे औचित्य येथेच आहे. ते ज्या कागदांसाठी दारोदार हिंडले, तसे कागद खानापूर, जांबोटी, बेळगाव, निपाणीच्या परिसरातील जुन्या घरांतून आजही असू शकतात. वतनाची सनद, देवळाचा हिशेब, सोयरिकीची यादी, शेताच्या चतुःसीमा लिहिलेला एखादा जीर्ण तुकडा. त्यावरील शेताचे, ओढ्याचे, टेंबाचे नाव कदाचित अन्यत्र कोठेच उरलेले नसेल. ज्या म्हाताऱ्या माणसांना ती नावे ठाऊक आहेत त्यांच्यामागे ती नाहीशी होतील. नकाशावर त्यांच्या जागी सर्व्हे नंबर राहतील. असा कागद ग्रंथालयाच्या कपाटात सुरक्षित पोहोचला, त्याची नक्कल झाली, गावातील जुन्या माणसांकडून शिवारातील नावे उतरवून घेतली गेली आणि ती मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषा जाणणाऱ्याने वाचली, तर राजवाड्यांचे अर्धे राहिलेले काम पुढे सरकेल.

त्यांनी कोणाच्या देणगीची वाट पाहिली नाही, मानमरातबाची अपेक्षा ठेवली नाही. पायांत चालण्याचे बळ आणि मनात एक प्रश्न एवढ्या भांडवलावर त्यांनी एका भाषेला तिचा भूतकाळ शोधून दिला. जांबोटीच्या पाटीवरील नाव वाचून क्षणभर थांबणारा आणि हे नाव कोठून आले असावे, असे स्वतःशी विचारणारा प्रत्येक वाचक त्यांच्या वाटेवरचा प्रवासी होय.